जांभळ्या जिभांचा वर्ग

मुलांनो, घरी पाहुणे आले की तुम्हाला पाढे म्हणून दाखवावे लागतात का? मग हे जंगल तुम्हाला लगेच ओळखू येईल. तिथे पाहुणे आले की पिल्लांना पुढे उभं करून झाडांची उंची विचारत.

त्याला कारणही होतं. राजदरबाराची एक परीक्षा असे. झाडांची उंची, नद्यांची लांबी, डोंगरांची नावं, सगळं पाठ हवं. पास होणाऱ्याला सिंहमहाराजांच्या गुहेबाहेर सावलीत बसायची नोकरी मिळे. प्रत्येक आईला आपलं पिल्लू त्या सावलीत बसलेलं दिसे.

तिथे खवली नावाची खवले मांजराची पोर राहायची. घाबरली की ती अंगाचा चेंडू करून बसायची. तिला नाटकं लिहायचा नाद होता. आईला तो अजिबात पसंत नव्हता.

शेवटी आई म्हणाली, "हे बघ खवले, दुपारी कातळावर तुझं नाटक होऊ दे. संध्याकाळी पाणवठ्यावर लोक काय बोलतात ते मी ऐकते. चांगलं बोलले तर तू खुशाल नाटकं कर. नाही तर बगळे सरांच्या वर्गात तुझं नाव घातलंच समज."

बगळे सर एका पायावर डोळे मिटून उभे राहत. त्यामुळे सगळ्यांना ते फार विद्वान वाटत.

दुपारी नाटक झालं. त्यात तीन अभ्यासू पिल्लं होती. एक घुबडाचं, एक कासवाचं, एक सशाचं. त्यांना सगळ्या झाडांची उंची पाठ होती, पण झाडावर एकही कधी चढलं नव्हतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती पुस्तकं टाकून जांभळं खायला जातात. कासव फांदीवर उलटं लटकतं. घुबडाला भारद्वाजाची पोर आवडते, पण बोलायचं काय ते सुचत नाही. म्हणून ते तिला नद्यांची नावं लांबीप्रमाणे म्हणून दाखवतं. शेवटी तिघं झाडावरून चिखलात पडतात आणि एकमेकांच्या जांभळ्या जिभा बघून हसत सुटतात. संपलं नाटक.

संध्याकाळ झाली. पाणवठ्यावर कोणी कोणाला खायचं नाही, असा जंगलाचा नियम होता. त्यामुळे तिथे तोंडाला दुसरं काम नसे. सगळे मतं देत. खवली करवंदीच्या जाळीमागे चेंडू करून ऐकत बसली.

"बरं होतं," गवाकाका म्हणाले. "पण त्या पोरांचा निकाल काय लागला? मी शेवटपर्यंत त्यासाठीच तर बसलो होतो."

"दिसायला तिघंही यथातथाच," मोरपंत म्हणाले. "मध्ये कुठेतरी एक पिसारा हवा होता."

रानडुक्करभाऊंनी डोळे पुसले. "अगदी माझं बालपण दाखवलंय हो!"

"भाऊ, तुम्ही शाळेत कधी गेला होतात?" टिटवीमावशीनं विचारलं.

"तेच तर म्हणतोय! तीही पोरं पुस्तकं टाकूनच जातात."

"मला नाही बाई पटलं," मावशी म्हणाली. "घुबडाच्या पोराला भारद्वाजाचीच मुलगी सापडली? घुबडांत काय मुली नव्हत्या?"

खवलीच्या आईनं मान खाली घातली. जाळीमागचा चेंडू आणखी घट्ट झाला.

तेवढ्यात अस्वलबाई बोलली. ती एरवी फार बोलत नसे. "मला नाटकातलं कळत नाही. पण माझा झिपऱ्या परीक्षेचा अभ्यास करायला लागल्यापासून हसलाच नव्हता. आज तो असा हसला, की मी नाटक सोडून त्याच्याकडेच बघत बसले."

सगळ्यांच्या माना अस्वलबाईकडे वळल्या.

मग टिटवीमावशी हळूच म्हणाली, "आमचाही हसला."

"किती?" गवाकाकांनी विचारलं.

"बराच."

"झिपऱ्यापेक्षा जास्त?"

झालं! प्रत्येकाला आपलं पिल्लू आठवलं.

"आमची नुसती गालातल्या गालात हसली. मागे पडेल का हो?"

"आमचा अजून एकदाही झाडावरून पडलेला नाही. उशीर तर नाही ना झाला?"

"अहो, वेळेत पडलेलं केव्हाही चांगलं!"

बगळे सरांनी दुसरा पाय खाली ठेवला. सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

"मी पाहिलं," सर म्हणाले. "पिल्लांचं हसणं कच्चं आहे. पाया नाही. उद्यापासून मी वर्ग घेतो. हसणं, पडणं आणि जीभ जांभळी करणं. रोज सराव, दर आठवड्याला चाचणी. पाठ्यपुस्तक म्हणून हेच नाटक."

पाणवठ्यावर आनंदीआनंद झाला. असं नाटक जंगलात कधी झालं नव्हतं, यावर सगळ्यांचं एकमत झालं. निकाल न दाखवल्याबद्दल गवाकाकांनीही खवलीला माफ केलं.

खवली जाळीतून धावत आली. "आई, ऐकलंस? सगळे चांगलं बोलले! आता मी नाटकं करू ना?"

"करशील गं बाळा," आईनं तिला जवळ घेतलं. तिचे डोळे भरून आले होते. "पण आधी रीतसर शीक. सरांच्या वर्गात सगळ्यांत आधी तुझंच नाव घातलंय."

"आई! अगं, ते नाटक मीच लिहिलंय!"

"म्हणूनच तर. तुला सोपं जाईल."

तात्पर्य: मुलांनो, मोठ्यांनी तुमच्या कामाला नावं ठेवली तर खुशाल पुढचं काम हातात घ्या. त्यांना ते आवडलं, तर मात्र जपून राहा.

दुसऱ्या दिवशी सकाळी जांभळीखाली वर्ग भरला. हजेरी झाल्यावर सरांनी पिल्लांना रांगेत उभं करून एकेकाला फांदीवरून खाली ढकललं. खवली पडताना हसली नाही, म्हणून तिला पुन्हा पडायला लावलं.