सबनिसांच्या कोंबड्यांचं उत्पादन

आमच्या समोरचे सबनीस कोंबड्यांना मेमो देतात. खोटं नाही सांगत. इथं बंगळूरला, बनशंकरीत, त्यांच्या घरामागं खुराडं आहे, त्याच्या दारावर कागद चिकटवलेला असतो: "अपेक्षित उत्पादन रोज चार. प्रत्यक्ष एक. खुलासा करावा." कोंबड्या तो कागद टोचून टोचून फाडतात. सबनीस शांतपणे दुसरा लावतात.

माणूस जन्मभर सरकारी कारखान्यात इन्स्पेक्शनला होता. आमचे हेही तिथलेच. ह्यांनी रिटायर झाल्यावर कारखाना सोडला, सबनिसांनी तो घरी आणला. इडली फुगली नाही की "बॅच रिजेक्ट". नळाला पाणी कमी आलं की पाइपच्या सुरुवातीपर्यंत चालत जाणार. वर मला सुनावणार, "वहिनी, कारण शोधायचं, सबब नाही."

गंमत म्हणजे त्या घरात अंडं कुणी खात नाही. अंडी यायची माझ्याकडे. माझी सून सकाळी ऑम्लेट खाऊन व्हाइटफील्डला निघते, तिथल्या ट्रॅफिकला पुरलं पाहिजे ना पोटात काहीतरी.

मग कोंबड्या कशाला, तर मालतीसाठी. मालती म्हणजे सबनिसांची बायको, माझी जुनी मैत्रीण. गेल्या वर्षी ती न्हाणीघरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रोज चाला, नाहीतर कायमच्या बसाल. मालती हटून बसली. "कुठं जायचंय मला?" व्यायाम शिकवायला येणारी मुलगी कंटाळून यायची बंद झाली. तेव्हा सबनिसांनी भाजीवाल्या पुट्टम्माकडून चार कोंबड्या आणल्या. दुसऱ्या दिवशी एकीनं अंडं घातलं आणि मालती ते बघायला वॉकर घेऊन उठली. मग रोज टोपली घेऊन जायला लागली. अंडं मिळालं तर दिवसभर बरी असायची. नाही मिळालं तर दुसऱ्या दिवशी उठायला कुरकुर.

आणि ह्या कोंबड्यांनी हात आखडता घेतला. सबनिसांची चौकशी सुरू झाली. उजेड कमी पडला तर अंडी कमी येतात असं त्यांनी कुठंतरी वाचलं. थोडा वेळ दिवा लावायचा असतो म्हणे. पण कारखाना तीन शिफ्टमध्ये चालायचा, म्हणून सबनिसांनी ट्यूबलाइट चोवीस तास चालू ठेवली. कोंबड्या झोपेविना भांडल्या, पिसं झडली, जी एक घालत होती तीही थांबली. "आमची युनियन असती तर गेटवर बसली असती," आमचे हे म्हणाले. मग शिंपल्यांचा चुरा झाला, मेथीदाणे झाले. एक कोंबडी खुडूक झाली, खाली एकही अंडं नसताना जागची हलेना. सबनीस तिच्यासमोर स्टूल टाकून अर्धा तास तिला समजावत होते.

शेवटी पुट्टम्मा आली. एकीचे पाय उलटेपालटे करून बघितले आणि म्हणाली, "वयस्सायितु, सार." म्हणजे म्हाताऱ्या झाल्या. विकताना हे ती स्वल्प विसरली होती. "द्या परत, सारू होईल चांगलं." सारू म्हणजे रस्सा.

शहात्तर वर्षांचे सबनीस ताडकन म्हणाले, "वय ही सबब आहे. कारण सांग."

पण अंडं काही आलं नाही. तीन दिवस मालती पलंगावरून उठली नाही. चौथ्या दिवशी सबनीस माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसले. चहा पुढं ठेवला तर कप किती भरलाय हेसुद्धा बोलले नाहीत.

"वहिनी, तिनं वॉकर मागच्या गॅलरीत ठेवायला सांगितला. टॉवेल वाळत घालायला बरा पडेल म्हणाली."



दुसऱ्या सकाळी खुराड्यात अंडं. मग रोज एक. माझ्याकडे यायला लागली तेव्हा मी बघितलं, आधीची तपकिरी, बारकी, मातकट असायची. ही पांढरीशुभ्र आणि गार. मी फोडली, सुनेला घातली, गप्प राहिले.

मग अंड्यांची जागा बदलायला लागली. एक दिवस खुराड्यामागं. मग जास्वंदीखाली. मग पार पुढच्या फाटकाशी.

"कोंबड्या अंडी लपवतात, वहिनी. जातीचा दोष."

"खुराड्याला तर कडी असते, भावजी."

"त्याची चौकशी चालू आहे."

मालतीचा वॉकर सुटला, काठी आली.

परवा सकाळी आमची बेल वाजली. दारात मालती. पडल्यापासून पहिल्यांदा.

"कुसुम, आमची कोंबडी तुझ्या पायरीवर घालून गेलीय म्हणे."

खरंच होतं. रांगोळीशेजारी पांढरं अंडं. मालतीनं काठी टेकवून, वाकून उचललं आणि माझ्या हातात दिलं. बर्फासारखं.

"तुला कधीपासून माहितेय?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. भेंडीच्या पिशवीमागं लपवतात. पहाटे फ्रिजचं दार वाजतं."

"आणि तू बोलली नाहीस?"

"काय बोलू? मी उठेपर्यंत ते मोरीच्या आडोशाला उभे असतात, काठीच्या आवाजाकडं कान लावून." ती माझ्या व्हरांड्यातल्या खुर्चीत टेकली. "पाणी दे आधी. रस्ता ओलांडून आलेय."

मी पाणी आणलं. तिनं निम्मा तांब्या संपवला, पदरानं तोंड पुसलं. समोर बघितलं तर रस्त्याच्या मधोमध सबनीस उभे, एक हात वर, आणि त्या हातापुढं एक ऑटो थांबलेली. मालती येऊन बसल्याला पाच मिनिटं झाली होती.

"सार, होग्ला?" ऑटोवाला विचारत होता. जाऊ का आता?

सबनीस आमच्या व्हरांड्याकडं बघत होते. हात अजून वरच होता.