पांढऱ्या तोंडाची पोर

“हिची माय कोठी हाय व?” गोदाबाईंनी विचारले.

लॅपटॉपवरची पोर पांढऱ्या झग्यात जिन्यावर उभी होती. केस तोंडावर, डोळे ताणलेले, ओठ घट्ट मिटलेले. प्रणाली आणि तिची मैत्रीण प्राजक्ता एकाच चादरीत शिरून बसल्या होत्या. दुपार होती, पण खिडक्या लावून, पडदे ओढून त्यांनी खोलीत अंधार केला होता.

“आत्या, चूप बस ना. भूत हाय ते.”

“भूत कायचं? जंत झाले तिले. आपल्या गोपालले झाले होते तवा तोबी असाच अंगणात उभा राहे.”

गोदाबाई भातकुलीहून अमरावतीला डोळे दाखवायला आल्या होत्या आणि एस.टी.च्या वेळेपर्यंत भाचीच्या, प्रणालीच्या, खोलीवर टेकल्या होत्या. आज हॅलोविन आहे, एवढे त्यांना कळले होते.

“इंग्रजायची सर्वपित्री समज,” प्रणाली म्हणाली.

“मंग जेवाले काय केलं?”

“काही नाही. भुताचे पिक्चर पाहाचे.”

“पितरायले उपाशी ठेवून पिक्चर पाहाता? मंग ते अंगात येतीन नाही तर काय करतीन!”

पोरींनी हसू दाबले. खाली घरमालक वामनराव झोपले होते. पोरी त्यांच्या फ्रिजमध्ये दही ठेवत, आणि त्याच फ्रिजशेजारच्या डब्यातली दुधाची पावडर हल्ली कोणीतरी फस्त करत होते. वामनरावांचा चहा त्या पावडरीशिवाय होत नसे. सकाळीच ते जिन्यात उभे राहून म्हणाले होते, “मी कोणाचं नाव घेत नाही. पण उद्या खोली खाली करा.” परीक्षा तोंडावर आली होती आणि कॉलेजजवळ दुसरी खोली मिळत नव्हती. आपण खाल्ली नाही हे दोघींना पक्के ठाऊक होते. मग खाते कोण, हे मात्र उमगत नव्हते.

पडद्यावरच्या पोरीने हळूच मान वळवली. दार करकरले. ते खोलीचे होते.

दारात चार वर्षांची मुलगी उभी होती. पांढरा झगा, पिंजारलेले केस, पांढरेफटक तोंड. टक लावून पाहत होती. दोघी एकदम किंचाळल्या आणि लॅपटॉप पालथा पडून पिक्चर अडकला.

गोदाबाई मात्र पदर खोचून जवळ गेल्या. “कोण व तू बाई?”

पोर बोलेना. नुसती नाकाने फूफू करत राहिली.

“हे तं खालची अवनी हाय,” प्राजक्ता चादरीतून म्हणाली. “वामनकाकाची नात. अवनी, बोल ना!”

अवनीने मान हलवली.

“पाह्य, वाचाच बसली लेकराची. त्या तुमच्या पोरीची नजर लागली हिले. मिरच्या कोठी हायत?”

“आत्या, नोको! काका उठतीन!”

पण गोदाबाईंनी मीठ-मिरच्या मुठीत घेऊन अवनीवरून उतरवल्यासुद्धा. मग लॅपटॉप सरळ करून त्याच्यावरूनही उतरवल्या. “तिचंबी होऊन जाऊ दे. बिनमायचं लेकरू ते.” आणि गॅसवर तवा तापवून मूठ त्यावर टाकली. “ठसका नाही आला, तं नजर होती समजाचं.”

ठसका आला. बंद खोलीत असा आला की प्रणालीच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि प्राजक्ताला खिडकीची कडी सापडेना. धूर जिन्याने खाली गेला आणि वामनरावांना घेऊन वर आला.

“माझं घर जाळून राहिल्या काय? आत्ताच्या आत्ता खोली...” पुढचे खोकल्यात गेले.

“नजर नव्हती!” गोदाबाई खोकत खोकत हरखल्या. “सगळ्यायले ठसका आला. पोरगी ठणठणीत हाय.”

“मंग बोलत काहून नाही?” प्राजक्ताने विचारले.

तेवढ्यात अवनीचे नाक फुलले, डोळे मिटले आणि ती शिंकली. तोंडातून पांढरा ढग निघाला आणि वामनरावांच्या चष्म्यावर बसला. पोरी पुन्हा किंचाळल्या.

वामनरावांनी काचेवरून बोट फिरवले, जिभेला लावले आणि चव ओळखली.

“पावडर टायूले चिकटली होती, आबा,” मोकळ्या झालेल्या तोंडात बोट घालून टाळू दाखवत अवनी म्हणाली. “तुमी कूस बदलली ना, म्हून मी वर पयाली.”

वामनराव पुन्हा खोकले.

“खोलीचं ते...” वामनराव खिडकीकडे पाहत म्हणाले. “मी काही कोणाचं नाव घेतलं नव्हतं.”

“नाही काका,” प्रणाली म्हणाली.

“हं. राहा मग.”

ते जायला वळले. लॅपटॉपवरची पोर अजून तोंड मिटून जिन्यावर उभी होती. गोदाबाई पडद्याला नाक लावून तिला निरखत होत्या.

“भाऊ, बसा जरासे. हिच्या तोंडात काय हाय, ते कोणं विचारलंच नाही अजून.”

वामनरावांनी चष्मा पुसला. अवनीला मांडीवर घेऊन ते खुर्चीच्या कडेला टेकले. थोडा वेळ त्यांनी कपाळाला आठ्या घालून पाहिले.

“काय हो,” ते हळूच म्हणाले, “या पोरीची आई कुठे आहे?”

“तेच तं मी मघापासून विचारून राहिली, भाऊ!”