हौसाईचा पिवळा टोप

खांदा कॉलनीत 'हॉटेल हौसाई, शुद्ध शाकाहारी' ही पाटी लागली तेव्हा तिला सगळ्यात आधी हसली ती खुद्द हौसाई. हॉटेल काढणाऱ्या हरेशची ही आई, बेलपाडा गावची, सत्तरी ओलांडलेली, आणि मासळीवाचून जन्मात दोन घास धड न गिळलेली. उद्घाटनाचा नारळ फुटायच्या आधीच तिने लेकाला विचारलं होतं, "काय रं, माज्या नावानं पाला इकतोस?" भावकीनेही हात धुऊन घेतले. आगऱ्याच्या पोराने पनीर विकायचं म्हणजे मिठागरवाल्याने साखरेचं दुकान काढण्यासारखं, असं जो तो म्हणत होता.

हरेशचा हिशेब वेगळा होता. कॉलनीत नव्याने राहायला आलेली नोकरदार मंडळी, त्यांत निम्मी शाकाहारी, आणि उरलेल्यांना सोमवार, गुरुवार, चतुर्थी असं काही ना काही असतंच. हिशेब बरोबर होता, पण गिऱ्हाईक काही त्या हिशेबाने येईना. शेवटी त्याने बायकोला शब्द दिला होता की पावसाळ्याआधी एखादं मोठं काम मिळालं नाही तर शटर ओढायचं आणि गाळा मोबाइलवाल्याला भाड्याने द्यायचा. मे महिना सरत आला होता. आणि आज कॉलनीच्या दुसऱ्या टोकाच्या सोसायटीची कमिटी जेवायला येणार होती. जेवण पसंत पडलं तर सोसायटीच्या वर्धापनदिनाची अख्खी पंगत हरेशची. नाही पडलं तर गाळ्यात मोबाइलची कव्हरं.

आता इथे हॉटेलातलं एक गुपित सांगायला हवं, पण तुम्ही ते आपल्यातच ठेवा. कार्डावर भाज्यांची नावं वाचता वाचता माणसाला पुन्हा भूक लागते, इतकी ती असतात. आत मात्र टोप तीनच. टोमॅटोची लाल ग्रेव्ही, कांदा-लसूण-हळदीची पिवळी आणि काजू-मगजबियांची पांढरी. सकाळीच तिन्ही शिजवून ठेवायच्या. ऑर्डर आली की कढईत लोणी टाकायचं, या टोपातला एक डाव, त्या टोपातला अर्धा, वर पनीर नाहीतर भाज्या. मिरची जास्त पडली की कोल्हापुरी, मडक्यात घातली की हंडी, वर तळलेला पापड चुरला की जयपुरी. ही काही फसवणूक नाही, सगळ्या जगाची हीच रीत आहे. त्यातही पिवळी ग्रेव्ही म्हणजे घरातली थोरली सून, तिच्यावाचून कुणाचंच पान हलत नाही.

त्या दिवशी आनंदा आचाऱ्याने तिन्ही टोप तयार करून झाकून ठेवले आणि तो आंघोळीला गेला. पनीरवाल्याने ऐनवेळी टांग दिली म्हणून हरेश स्वतः डेअरीकडे धावला. आणि नेमकी त्याच वेळी हौसाई रिक्षातून उतरली. पनवेलच्या बाजारात पावसाळ्याची बेगमी करून ती परत निघाली होती. हातातल्या पिशवीत सुका जवळा, म्हणजे ती बारीक वाळवलेली कोलंबी, चांगली दाबून भरलेली. लेकाच्या गाडीतून बेलपाड्याला जाऊ, असा तिचा साधा विचार होता.

बसून बसून कंटाळली तेव्हा ती स्वयंपाकघरात शिरली आणि तिने एकेक झाकण उचललं. आत नुसता रस्सा. ना फोड, ना तुकडा, ना शेंग. आयुष्यभर चुलीपाशी उभ्या राहिलेल्या बाईने याचा काय अर्थ काढावा? कामाच्या घाईत बिचाऱ्यांचं घालायचं राहून गेलं. माउलीच ती, तिला राहवेना. तिने मूठ मूठ जवळा निवडला, तव्यावर भाजला, धुतला आणि चार आमसुलांसकट पिवळ्या टोपात सोडला.

हरेश पनीर घेऊन आला तेव्हा आनंदा टोपासमोर डाव धरून उभा होता. चेहरा असा की देव भेटला की पोलीस, कळेना.

"शेठ," तो म्हणाला, "ग्रेव्ही कवा नाय ती झ्याक लागतेय. तितंच घोटाला हाय."

हरेशने नुसता वास घेतला आणि मटकन स्टुलावर बसला. हौसाई कोपऱ्यात समाधानाने बसली होती.

"आये, काय केलंस गं? आपलं शुद्ध शाकाहारी हाय ना?"

"मंग मी काय मटन घातलाय?" हौसाई म्हणाली. "जवला काय मच्छी हाय? जवला म्हन्जे चव. आनि त्या पांढऱ्यात गूळ घालनार होती, खिरीचा राहिलाय वाटला. तितक्यात ह्यो आनंदा आला."

पांढरी बचावली, एवढंच त्यातल्या त्यात. नवी पिवळी करायची तर कांदे चिरण्यापासून सुरुवात, आणि पाहुणे पाच मिनिटांवर. आनंदाने हळूच सुचवलं की वस्त्रगाळ करून घेतली तर कुणाच्या बापाला कळणार नाही. हरेश त्याच्यावर असा खेकसला की आनंदाच्या हातून डाव पडला. लोक पाटी वाचून विश्वासाने आत येतात, त्यांच्या पोटात असलं काही ढकलायचं म्हणजे पाप. "मी पायजे तितकं खोटं बोलीन," तो म्हणाला, "पन खायला खोटं घालनार नाय." टोप मागच्या दाराबाहेर गेला, हौसाईला त्याच्या राखणीला बसवलं, तवा-डाव बाहेरच्या नळावर ठेवले आणि ओटा दोनदा पुसून काढला.

कमिटी आली. अध्यक्ष प्रभाकर, सरकारी खरेदी खात्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या पत्नी आशालता. आणि सेक्रेटरी कादंबरी, जिच्या घराण्यात अंडंसुद्धा कुणी फोडलेलं नव्हतं. बसता बसताच प्रभाकरांनी नियम सांगितला की प्रत्येकाने वेगळी भाजी मागवायची, म्हणजे सगळ्यांना सगळं चाखता येतं. मध्यमवर्गात हा नियम देवळातल्या प्रदक्षिणेइतका पक्का असतो.

प्रभाकरांनी व्हेज कोल्हापुरी सांगितली. झाली का पंचाईत? ती पिवळी. हरेशने हात जोडले आणि म्हणाला की साहेब, खोटं कशाला बोलू, आमची कोल्हापुरी काही खास नसते. आशालताबाईंनी मटर पनीर म्हटलं, तर मटार रबरासारखे निघालेत म्हणाला. कादंबरीने दम आलू मागितला, तर बटाटे गोड लागतायत. मग हंडीचं नाव आलं, तर मडकी फुटलीत. काजू करीचं आलं, तर काजूंना भुंगा लागलाय. एवढं बोलून होताच त्याच्या लक्षात आलं की पांढऱ्या ग्रेव्हीतही काजूच आहेत, म्हणून घाईघाईने सांगितलं की भुंगा फक्त अख्ख्या काजूंना लागलाय. स्वतःच्या हॉटेलची इतकी बदनामी त्याच्या भावकीनेही केली नव्हती. आता हे लोक उठून जाणार आणि संध्याकाळपर्यंत मोबाइलवाला गाळ्याचं माप घेऊन जाणार, असं त्याला वाटलं.

पण प्रभाकरांचे डोळे भरून आले होते.

"आयुष्य खरेदी खात्यात गेलं माझं," ते बायकोला म्हणाले. "विकणारा स्वतः सांगतोय घेऊ नका. असा माणूस मी पहिल्यांदा बघतोय."

कादंबरीही पाघळली. आणि चांगुलपणाचं फळ कसं मिळतं बघा, तिने लगेच जाहीर केलं की इतक्या सच्च्या माणसाचं स्वयंपाकघर आपण पाहिलंच पाहिजे. 'आमचे स्वयंपाकघर आपण पाहू शकता' अशी पाटी हरेशने हौसेने भिंतीवर लावलीच होती. त्या पाटीकडे त्याने आता अशा नजरेने पाहिलं, जणू ती दुसऱ्याच कुणी लावली होती.

तिघं आत शिरली. कादंबरीने फ्रिज उघडून पाहिला, फडक्यांचा वास घेतला, शेगडीखाली वाकून बघितलं. सगळं लख्ख होतं. मग ती मागच्या दाराशी थबकली आणि नाक आक्रसून म्हणाली, "हा कसला वास येतोय?"

हरेशने तोंड उघडलं, पण त्यातून आवाज फुटायच्या आत दोन उत्तरं एकदम आली. प्रभाकर म्हणाले, "मागे गटार उपसत असतील." आणि आशालताबाई म्हणाल्या, "हिंगाचा असेल गं." नवरा-बायकोने क्षणभर एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांनीही नजर दुसरीकडे वळवली.

"गटार की हिंग?" कादंबरीने हरेशला विचारलं.

"दोन्ही," हरेश म्हणाला.

जेवायला नुसत्या लाल-पांढऱ्यावर भागणारी पनीर मखनी, मलई कोफ्ता आणि मेथी मटर मलई गेली. मघाशी रबरासारखे असलेले मटार मलईत कसे काय चालले, हे नशिबाने कुणी विचारलं नाही. सगळ्यांना सगळं आवडलं. कादंबरीच्या पोटात जवळ्याची मिशीसुद्धा गेली नाही, हे हरेश आजही छातीवर हात ठेवून सांगतो. आपली पसंती देऊन ती लेकीला क्लासहून आणायला स्कूटरवर निघून गेली. आशालताबाई हात धुवायला म्हणून उठल्या.

बराच वेळ झाला तरी त्या येईनात, तेव्हा हरेश बघायला गेला. मागच्या दाराच्या पायरीवर हौसाईच्या शेजारी त्या मांडी घालून बसल्या होत्या. पुढ्यात ताटली, ताटलीत भात, भातावर पिवळा रस्सा. बोटं चाटता चाटता त्यांची नजर हरेशवर गेली आणि त्या पार कानकोंड्या झाल्या. माहेर अलिबागेचं, त्या पुटपुटल्या. तीन वर्षांपूर्वी यांनी मासे सोडले म्हणून आपणही सोडले. घरात नाव काढायची सोय नाही, काढलं तर यांचा निश्चय मोडायचा. मग त्यांनी हरेशला गळ्याची शपथ घातली आणि पंगतीच्या दिवशी एक छोटा डबा गुपचूप मागून घेतला.

त्या नवऱ्याबरोबर पुढच्या दाराने बाहेर पडतात न पडतात तोच मागच्या गल्लीतून प्रभाकर एकटेच अवतरले. चष्मा विसरला म्हणाले. चष्मा त्यांच्या नाकावर होता. हौसाईने काही न विचारता ताटली भरली. ते उभ्याउभ्याच जेवले आणि तिसऱ्या घासाला खरंखुरं रडले. हिने मासे सोडले म्हणून मी सोडले, त्यांनी सांगितलं. बाईमाणूस एवढा त्याग करते, मग आपण काय खायचं? जाताना पंगतीचं काम पक्कं केलं आणि वर डब्याची मागणी घातली. "हरेशराव, हिला कळता कामा नये. तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ."

हरेश स्टुलावर बसला आणि पहिल्यांदा मनापासून हसला. हॉटेल वाचलं होतं. डबे करायचे तर बेलपाड्याच्या घरी, इथे पुन्हा जवळ्याचा वाससुद्धा नको, असं त्याने आनंदाला बजावलं आणि आईला सगळी हकिगत सांगितली. तिने टोपाचा तळ खरवडत ती ऐकून घेतली.

"दोन डबे कशाला?" ती म्हणाली. "एकाच घरात जानार ना? एकच मोटा दे."

"आये, दोघांनी शपथ घातलीय. कुनाला बोलायचं नाय."

"तुला घातलीय," हौसाई पदराला हात पुसत उठली. "मला कुनी घातली?"

हरेश तिच्या मागे धावला, पण तोवर ती पुढच्या काचेच्या दरवाजाबाहेर पोचली होती. प्रभाकर आणि आशालताबाई रिक्षाची वाट बघत उभे होते. काचेतून हरेशला ऐकू काहीच येत नव्हतं, फक्त आईचा हात दिसत होता, एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे. नवरा-बायको तिच्याकडे बघत राहिले, मग एकमेकांकडे. तीन वर्षं. प्रभाकरांनी कपाळावर हात मारून घेतला. आशालताबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्यांचे खांदे हसण्याने गदगदू लागले.

रिक्षा आली. प्रभाकरांनी रिक्षावाल्याला घराऐवजी पनवेलचा मासळीबाजार सांगितला, आणि बाजारात कुणाचा जवळा चांगला ते दाखवायला म्हणून हौसाईलाही आत घेतलं.