धोंडुबाईच्या खिडकीतलं लोकेशन

सुनेनं फोनमध्ये दुश्मनाला आणून बसवलंय, हे चंद्राबाईंना मुळीच खपलं नव्हतं. चंद्राबाईंचा फोन एका कंपनीचा आणि राजेश्वरीनं त्यात घातलेला रस्ते दाखवायचा नकाशा दुसऱ्या कंपनीचा. या दोन कंपन्यांचं आपसात विळ्याभोपळ्याचं नातं, हे त्यांनी टीव्हीवर स्वतः ऐकलं होतं.

"आत्याबाई, भांडत्यात त्या, पन एकमेकींच्या फोनात आपापली ॲप ठिवत्यात. गिऱ्हाईक दोघींलाबी पायजे की."

"लाजा सोडल्यात मग! मी जाती का धोंडुबाईच्या चुलीवर भाकरी थापायला? काढ ते."

"आवं, त्यात आपल्या घराची खूण करून ठिवलीया. बोट दाबलं की पाव्हन्याला घराचा पत्ता जातुया."

"फोनाचा सवताचा नकाशा हाय न्हवं? त्योच बरा. काढ म्हनती ना!"

राजेश्वरीनं लगेच ॲप काढलं.

धोंडुबाई म्हणजे चंद्राबाईंची थोरली चुलत जाऊ. घराला घर लागून, आडनाव एक; पण पाटाच्या पाण्याच्या पाळीवरून दोघींत कायमचा अबोला. त्यात आज मेढ्याचे पाहुणे चंद्राबाईंच्या नातीला, शिवांजलीला, बघायला येणार होते. मागचं स्थळ धोंडुबाईनंच कान भरून मोडलं, अशी चंद्राबाईंची पक्की खात्री. आज तिचा काय बेत आहे ते कळावं म्हणून त्या कढीपत्ता तोडायच्या निमित्तानं तिच्या मागच्या खिडकीखाली जाऊन उभ्या राहिल्या.

तेवढ्यात मुलाच्या वडिलांचा, आप्पासोंचा फोन आला. "गावात शिरलोय. लोकेशन टाका."

चंद्राबाईंनी नातीनं शिकवलं होतं तसं बोट दाबलं, तेही आपल्याच कंपनीच्या नकाशावर, आणि ऐटीत घरी आल्या.

पोहे निवले. पाहुण्यांचा पत्ता नाही. मग राजेश्वरी धापा टाकत आली.

"आत्याबाई, मेढ्याची गाडी धोंडुआत्यांच्या दारात! सोप्यात बसून पोहे खात्यात!"

"कुनी धाडलं त्यांस्नी तितं?"

राजेश्वरीनं फोन बघितला. "तुमीच. ह्यो नकाशा आपुन उभं असतूय तितला पत्ता धाडतुया. तुमी कुठं व्हता?"

चंद्राबाईंनी कढीपत्ता पदराखाली घेतला. खात्या पाहुण्याला उठवायचं नाही, ही गावाची रीत. आणि धोंडुबाईचीही एक नात लग्नाची! तिनं चहाचा ट्रे बाहेर आणला की खेळ खलास.

"शिवांजली, पदर घे. राजेश्वरी, चहा उचल. चला."

कित्येक वर्षांनी चंद्राबाईंनी तो उंबरा ओलांडला. धोंडुबाई बघतच राहिली. तिला तोंड उघडायला सवड न देता चंद्राबाई मोठ्यानं म्हणाल्या, "जाऊबाई, तुमचा सोपा ऐसपैस म्हनून पाव्हन्यांस्नी हितंच बसवायचं ठरलं न्हवं आपलं?"

धोंडुबाईनं चंद्राबाईंकडं पाहिलं, मग पोरीकडं. शिवांजली पदर सावरत दारातच उभी होती.

"ठरलं व्हतं की. उशीर तूच केलास, चंद्रे. पोरीला बसव."

आप्पासो खूश झाले. "बरं वाटलं बघा. या भावकीत इस्तवसुदिक जात न्हाई, असं कुनीतरी आमच्या कानावर घातलं व्हतं. मी तर गाडी माघारी फिरवनार व्हतो."

मुलगा, साईराज, फौजेतला. फोनकडं बघत तो निरागसपणे म्हणाला, "आजी, तुमचं लोकेशन बराबर मागच्या खिडकीत दावतंय. तितं उभ्या व्हता का?"

चंद्राबाईंनी घाईघाईनं त्याच्यापुढं चहाचा कप सरकवला. धोंडुबाई शांतपणे म्हणाली, "तिची रोजचीच जागा हाय ती."

सगळे हसले. चंद्राबाईंनाही हसावंच लागलं. चहा संपेपर्यंत साईराज आणि शिवांजली एकमेकांकडं बघून दोनदा लाजले, आणि आप्पासोंनी होकार दिला. "सुपारी हितंच फोडायची," धोंडुबाईनं बजावलं. चंद्राबाईंनी मान डोलावली. दुसरं करणार काय?

घरी आल्यावर राजेश्वरी हसू दाबत भांडी आवरायला लागली. चंद्राबाईंनी तिला समोर उभं केलं.

"मी काढ म्हनलं म्हनून लगीच काढायचं व्हय गं? सासूचं एवढं ऐकत्यात का कुठं? समदी चूक तुजी हाय!"