ओळखीचा पुरावा

शिशुवर्गाचे प्रवेश संपूर्णपणे निष्पक्ष पद्धतीने होतात, असं शाळेने स्वतःच फाटकावर रंगवून घेतलं होतं. त्यामुळे घड्याळजी निर्धास्त होता. दुसरी शाळा पाऊण तासावर, ही घरासमोर, आणि लेक रोज फाटकाला नाक लावून आतला झोपाळा बघायची. त्याने अर्ज, जन्मदाखला आणि ओळखीचा पुरावा म्हणून स्वतःचं ओळखपत्र खिडकीत सरकवलं.

कारकुनाने ते उलटंपालटं करून परत दिलं.

"ही तुमची तुमच्याशी ओळख झाली. शाळेत कुणाशी आहे?"

"कुणाशीच नाही."

"अरेरे!" कारकून मनापासून हळहळला.

घड्याळजीचं डोकं फिरलं. तो तडक मुख्याध्यापिकांकडे गेला. "बाई, हा तर सरळसरळ वशिला झाला!"

"छे! वशिला आमच्याकडे चालतच नाही. नातं चालतं. सख्ख्याला दहा गुण, चुलत-मावसला सहा, मानलेल्याला दोन. लहानमोठा भेद नाही, सगळ्यांना एकच नियम."

"आणि ज्याचं आत कुणीच नाही, त्याने काय करायचं?"

"त्याच्यासाठी राखीव जागा आहे की! फक्त नातं नसल्याचा दाखला आणा. शाळेतल्या तुमच्या नातेवाइकाच्या सहीचा."

आता मात्र घड्याळजी पेटला. दुकान बंद ठेवून त्याने निवेदनावर चाळीस पालकांच्या सह्या गोळा केल्या. पहिली सही अर्थात त्याची. दुपारी जेवताना तो अन्यायावर तावातावाने बोलत होता, तेवढ्यात बायको म्हणाली, "अहो, त्या शाळेचा रखवालदार माझ्या आतेभावाचा साडू लागतो."

घास हातातच राहिला. "मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"तुम्हीच म्हणालात ना, माझ्या माहेरच्यांचं नाव काढू नकोस म्हणून!"

घड्याळजीने खिडकीत हे नातं सांगताच कारकून खुर्चीतून उठूनच उभा राहिला. "रखवालदारांचे पाहुणे? अहो, विश्वस्तसुद्धा त्यांना विचारून आत येतात!" लेक त्याच दिवशी झोपाळ्यावर बसली. घड्याळजीला खरंच भरून आलं.

दुसऱ्या दिवशी उरलेले एकोणचाळीसजण फाटकाशी जमले. "निवेदन आणलंत ना?"

"जरा दमानं घ्या," घड्याळजी फाटकाच्या आतून म्हणाला. "लहान मुलं आहेत इथे. आणि तुम्ही नाती जोडली नाहीत, यात शाळेचा काय दोष?"

वाचकहो, तुमचा संताप अगदी रास्त आहे. खुशाल व्यक्त करा. तेवढा रखवालदाराचा नंबर मात्र मागू नका. आमच्या नातवाचा अर्ज अजून आत आहे.