हात खाली!

सरसक्कांच्या घरी चहा हवा की कॉफी, हे तोंडानं सांगायची सोय नाही. तिथे गुप्त मतदान होतं.

पाहुणा खुर्चीत टेकला की त्याच्यासमोर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा येतो. झाकणाला सुरीनं पाडलेली फट, आणि डब्याला दोऱ्यानं बांधलेली बोटभर पेन्सिल. चिठ्ठीवर ‘च’ किंवा ‘क’ लिहायचं, दोन घड्या घालायच्या आणि आत टाकायची. मग अक्का डबा उघडून मोजणी करतात, निकाल खणखणीत आवाजात वाचतात आणि बहुमताचं पेय सगळ्यांना मिळतं. अल्पमतवाल्यांनी तेच गोड मानून प्यायचं.

मी त्यांच्या बंगळूरच्या मल्लेश्वरममधल्या घराचा वरचा मजला भाड्यानं घ्यायला गेलो तेव्हा एकटाच होतो. म्हटलं, “अक्का, मी एकटाच आहे, इथे गुप्त कुणापासून ठेवायचं?”

“माझ्यापासून,” अक्का म्हणाल्या आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मी ‘च’ लिहिलं. मग मला भिंतीकडे तोंड करायला लावून त्यांनी स्वतःचं मत टाकलं. मोजणी झाली. “चहा एक, कॉफी एक, बाद शून्य. समसमान. नियम सात: ताक.”

मी ताक प्यायलो. मी पुण्याचा, जन्मानं चहावाला. त्यांचं घराणं चारेकशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं, त्यामुळे त्या रक्तानंच कॉफीवाल्या. या घरात आम्ही दोघंच. गेली आठ वर्षं मी त्यांच्याकडे गेलो की ताकच पितो आहे. माझी पित्ताची तक्रार पार गेली, हे मात्र कबूल करायला हवं.

एकदा ऑफिसातून डोकं उठवून आलो होतो. दारातूनच म्हणालो, “अक्का, आज काही विचारू नका, चहाच टाका.”

“अय्यो! मत उघड केलंस. बाद.”

मग त्यांचं एकटीचं मत मोजलं गेलं, कॉफी एक विरुद्ध शून्य अशी निवडून आली, आणि ‘बाद मताला पाणी’ या नियमानुसार माझ्यापुढे पेलाभर पाणी आलं. अक्का समोर बसून कॉफी पीत होत्या. चेहऱ्यावर दुष्टपणा अजिबात नव्हता, खराखुरा कळवळा होता. “कायदाच आहे रे, पुणेकरा. मी स्वल्प सूट दिली तर उद्या सगळेच बोंबलत येतील.”

मी सॉफ्टवेअर तपासणारा माणूस. दुसऱ्याच्या कामात खोट काढणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा, पण अक्कांच्या नियमावलीत मला आजवर एकही भोक सापडलेलं नाही.

त्यांचा परवलीचा शब्द म्हणजे “हात खाली!” चारचौघांत कुणी “कुणाकुणाला लाडू हवाय, हात वर करा” असं म्हणालं, की अक्का विंचू चावल्यासारख्या उठतात. “हात खाली! चिठ्ठ्या काढा!” रिक्षा थांबवायलासुद्धा त्या हात वर करत नाहीत. रस्त्याच्या कडेला उभ्या राहून रिक्षावाल्याकडे नुसतं रोखून बघतात. बंगळूरमध्ये रिक्षा हात करूनही थांबत नाही, त्यामुळे फारसा फरक पडत नाही.

खऱ्या निवडणुकीत तर त्यांना ऊत येतो. मतदान यंत्राभोवतीचा पुठ्ठा फार ठेंगणा आहे, उंच बाईचं मत मागून दिसतं, अशी पत्रं त्या सरकारला दर वेळी पाठवतात. उत्तर येत नाही, म्हणून मत देताना पदराचा तंबू करतात. गेल्या वेळी मतदानकेंद्रातला अधिकारी घाबरून उठला. “अम्मा, आत काय करताय?” अक्का तंबूतूनच म्हणाल्या, “ते तुम्हाला कळू नये म्हणूनच तर चाललंय.”

एका पक्षाचा माणूस घरोघर प्रेशर कुकर वाटत आला होता. अक्कांनी त्याला आदरानं बसवलं आणि समोर कागद ठेवला: ‘या कुकरच्या बदल्यात मी मत मागितलेले नाही.’ खाली सही करा म्हणाल्या. त्यानं कागद वाचला, कुकर उचलला आणि चपला हातात घेऊन पळाला. त्यांचे यजमान होते तोवर दर निवडणुकीला विचारायचे, “कुणाला दिलंस?” अक्कांचं चाळीस वर्षं एकच उत्तर: “मतमोजणीला कळेल.” बिचारे न कळताच गेले.

पण अक्कांची खरी लढाई सरकारशी नव्हती. ती होती आमच्या मराठी मंडळाशी.

मंडळाचे अध्यक्ष श्रीपतअण्णा. वय ऐंशीच्या पुढे, आवाज तिशीतला. एकोणीस वर्षं सर्वानुमते अध्यक्ष. ही सर्वानुमती ते कशी जमवायचे, हे शिकण्यासारखं होतं. वार्षिक सभा जेवणाच्या आधी. बिसीबेळे भाताचा वास हॉलभर पसरला, की अण्णा उठायचे. “सगळ्यांची संमती आहे ना? हात वर!” लोक हात वर करायचे आणि तसेच पानावर जाऊन बसायचे. शिवाय अण्णा हात मोजताना प्रत्येकाच्या तोंडाकडे बघायचे. ज्याचा हात खाली, त्याच्या पोराच्या मुंजीला हॉल मिळायचा नाही, असं सगळे म्हणायचे. खरं-खोटं देव जाणे, पण आजमावून बघायची छाती कुणाची नव्हती.

अक्का दर वर्षी ठराव मांडायच्या: यापुढे मंडळात मतदान चिठ्ठीनं व्हावं. अण्णा दर वर्षी तो ठराव मताला टाकायचे. हात वर करून. आणि दर वर्षी तो पडायचा. नंतर हात धुताना चारपाच जण अक्कांच्या कानाशी येऊन म्हणायचे, “अक्का, आम्ही मनातून तुमच्या बाजूचे हं.” अक्का म्हणायच्या, “मनातलं मोजता येतं तर चिठ्ठी कशाला मागितली असती?”

गेल्या वर्षी मात्र अण्णा सापडले. हिशेबनीसाच्या निवडीला त्यांनी हात मोजले आणि जाहीर केलं, “एकाहत्तर.” अक्कांनी माणसं मोजली होती. हॉलमध्ये अठ्ठावन्न होती. फेरमोजणीत निघालं की काहींनी दोन्ही हात वर केले होते, एक आजोबा पंखा वाढवा म्हणून खुणावत होते आणि एक हात आचाऱ्याचा होता. तो पानं घेऊ का, असं विचारायला आला होता. हॉल हसून लोळला. अण्णा लालबुंद झाले आणि म्हणाले, “सरी, ठीक आहे. पुढच्या वर्षी एकदा चिठ्ठीनं करून बघा. मीही बघतो.”

या वर्षीची विषयपत्रिका आली तेव्हा मला वाटलं होतं, अक्का पेढे वाटतील. त्यांनी कागद वाचला आणि घडी करून उशीखाली ठेवला. चार दिवस ताकसुद्धा विचारलं नाही.

सभेच्या आदल्या दुपारी त्यांनी मला चिठ्ठ्या कापायला खाली बोलावलं. वॉशिंग मशीनच्या खोक्याचा आडोसा तयार होता, त्याला जुन्या साडीचा पडदा होता. बोटाला शाईऐवजी लावायला सून अमेरिकेला जाताना विसरलेलं जांभळं नेलपॉलिश होतं. पत्रिकेवर विषय एकच: श्रीमती नलिनी यांना पुन्हा सभासद करून घ्यावे का? सोबत त्यांचा अर्ज जोडलेला होता. ‘मी आता मुलीकडे सर्जापूर रोडला असते. नातवंडं माझ्याशी इंग्रजीत बोलतात. मला आठवड्यातून एकदा मराठी बोलायचं आहे. एवढंच.’

“पुन्हा म्हणजे?” मी विचारलं.

अक्का कात्री चालवत राहिल्या. “पन्नास वर्षं झाली. मी आणि नलिनी एका डब्यात जेवायचो. तिनं ऑफिसातल्या एका ख्रिश्चन माणसाशी लग्न केलं. मंडळानं ठराव आणला, नाव काढा म्हणून. ती पुढच्या रांगेत बसली होती. माझं नुकतं लग्न झालेलं. शेजारी सासूबाई. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही रे, बघायची गरजच नव्हती. हात वर म्हणाले, मी केला.”

कात्री थांबली.

“तिनं मागं वळून बघितलं. हॉलभर हात होते. तिनं माझाच बघितला.”

मी म्हणालो, “त्या वेळी चिठ्ठी असती तर…”

“तर मी तिच्या बाजूनं दिलं असतं. असं मी पन्नास वर्षं म्हणते आहे. खरंच दिलं असतं की नाही, देवाला ठाऊक.”

आणि मग माझ्यातला खोट काढणारा माणूस नको तिथे जागा झाला. मी म्हणालो, “पण अक्का, उद्या तुम्ही ‘हो’ लिहिलंत तरी नलिनीबाईंना ते कधीच कळणार नाही.”

“कायदा म्हणजे कायदा,” अक्का म्हणाल्या आणि पुढचा कागद कापायला घेतला. पहिल्यांदाच त्यांची चिठ्ठी वाकडी कापली गेली. मला माझी जीभ चावावीशी वाटली.

सभेला चौसष्ट सभासद आले. नलिनीबाई सर्जापूर रोडहून दोन तास बसमध्ये बसून आल्या होत्या. बारीक चणीची बाई, हातात कापडी पिशवी. ऐकू कमी येतं म्हणून त्यांना पुढच्या रांगेतच बसवलं. अक्का मतदान अधिकारी म्हणून मागच्या टेबलाशी. दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत.

मतदान सुरू झालं. पडद्यामागे जायला पहिल्यांदा लोक लाजत होते, मग रंगात आले. एक आजी आत इतका वेळ रमल्या की बाहेरून टकटक करावी लागली. अण्णांनी करंगळी पुढे केली आणि जांभळं नख वाळेपर्यंत फुंकर घालत बसले. मी मोजणी अधिकारी.

सगळ्यात शेवटी अक्का उठल्या. चिठ्ठी घेतली, पडद्यापर्यंत गेल्या, पडदा बाजूला केला. मग पडदा सोडून दिला. चिठ्ठी कोरीच टेबलावर ठेवली. हॉलच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या आणि उजवा हात सरळ वर केला.

ज्या बाईनं आयुष्यभर रिक्षालासुद्धा हात केला नाही, तिचा हात पंख्याच्या दिशेनं ताठ होता.

“सरस्वती!” अण्णा ओरडले. “हात खाली! तुझाच नियम आहे!”

नलिनीबाईंना ते ऐकू गेलं नसावं. पण सगळे मागे बघताहेत म्हणून त्यांनीही मागे वळून बघितलं.

“नलिनी,” अक्का मोठ्यानं म्हणाल्या, “माझं ‘हो’ आहे.”

आता सगळे माझ्याकडे बघू लागले. आठ वर्षं ज्यांच्या हातचं ताक प्यायलो त्यांच्या कायद्याशी बेइमानी करवेना. म्हणालो, “मत उघड केलं. बाद.”

“बरोबर,” अक्का म्हणाल्या. हात तसाच वर.

मी मोजायला बसलो. एकोणतीस-एकोणतीस झालं तेव्हा तोंडचं पाणी पळालं. इथे ‘हो’ एका मतानं हरलं तर ताकावर भागणार नव्हतं, आणि मी बाद केलेलं एक मत मला जन्मभर छळणार होतं. शेवटची चिठ्ठी उघडली. हो तेहतीस, नाही तीस, बाद एक. पुढे कितीतरी वेळ टाळ्या चालल्या होत्या. त्यात ‘नाही’ लिहिणारे तीस जणही असणार, पण ते कोण हे कुणालाच कळलं नाही. अण्णांचं मत काय होतं, तेही अजून कळलेलं नाही. विचारलं की म्हणतात, “मतमोजणीला कळलं की.”

जेवणं झाली. आचाऱ्यानं हाक दिली, चहा किती, कॉफी किती? सवयीनं दहाबारा जणांनी डब्यासाठी इकडेतिकडे बघितलं. मी डबा आणायला उठलो.

“बस रे,” अक्का म्हणाल्या. नलिनीबाई त्यांच्या शेजारी येऊन बसल्या होत्या. कापडी पिशवी दोघींच्या मध्ये होती. “हिला विचारायला नको. कॉफी. साखर जास्त.”

“साखर बंद झाली गं, सरसू,” नलिनीबाई म्हणाल्या. “बारा वर्षं झाली.”

अक्का आचाऱ्याला म्हणाल्या, “सरी. दोन कॉफी. दोन्ही बिनसाखरेच्या.”