न लागलेलं दही

दही नीट लागलं की शरदकाकांचा दिवस खराब जातो. सकाळी सातला ते वाटी तिरकी करतात, आतलं दही हलत नाही हे बघतात आणि घरात कुणी वारल्यासारखे बाहेर येऊन ओट्यावर बसतात.

काका देवासला आमच्या शेजारी राहतात. कुक्षीच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झाले. काकू गेल्यावर त्यांनी स्वयंपाकघराचा अर्धा भाग पॉलिॲनिलिनला दिला. हे वीज वाहून नेणारं प्लास्टिक. सुती पट्टीवर त्याचा थर बसला की पट्टी गडद हिरवी होते. काकांची बोटं हिरवी आहेत, टॉवेल हिरवा आहे. जानवंही हिरवं आहे.

पहिल्यांदा दाखवताना त्यांनी पट्टीची टोकं बॅटरीला आणि छोट्याशा दिव्याला जोडली. दिवा मिणमिणला.

"देखो भिया, तुझ्या खात्याची ना तार, ना खांबा."

भैयाला इकडे भिया म्हणतात. मी वीज कंपनीत बाबू आहे. खात्यातर्फे उगाचच ओशाळलो.

एकदा माझ्या बायकोने मळकी दिसली म्हणून एक पट्टी सोड्यात धुतली. ती निळी झाली आणि दिवा लागेना. मला रात्रभर झोप नाही. काकांनी सकाळी ती पातळ ॲसिडात बुडवली, पुन्हा हिरवी केली. म्हणाले, "रुसली होती. आंबट मिळालं की माणसात येते."

हा सगळा खटाटोप हाटपिपल्याच्या अक्कांसाठी. अक्का म्हणजे काकांची थोरली बहीण. शुगरमुळे त्यांच्या पायाची जखम भरत नाही. अशा पट्टीवर जंतू मरतात, वर हलका करंट दिला तर जखम भरायला मदत होते, असं काकांनी वाचलं होतं. पण वाचलेलं आधी दह्यावर तपासायचं, हा त्यांचा नियम. "दह्याचे जंतू खानदानी. तेच मरत नसतील, तर पायातले गुंडे काय मरणार?"

रोज संध्याकाळी मी घरून कोमट दूध विरजण घालून नेत असे. काका ते दोन वाट्यांत ओतत आणि एकीत पट्टी सोडत. दुसरी वाटी त्यांच्या कढीसाठी, असं मी समजत होतो. मग मी जरा बसत असे.

चार महिने पट्टीच्या वाटीत दही लागत राहिलं. घट्ट, गोड. काका वाळत चालले.

आता माझं पाप सांगतो. एका संध्याकाळी मी विरजण उकळत्या दुधात घातलं. जंतू घरीच मेले. सकाळी काकांनी भिंतीवरून सांगितलं, "भिया, नाही लागलं." आणि हसले. चार महिन्यांत पहिल्यांदा. ते हसू बघून मी दुसऱ्या दिवशीही तेच केलं. असे अकरा दिवस.

बाराव्या दिवशी गेलो तर काका पिशवी भरत होते. वरच हिरवी पट्टी.

"उद्या हाटपिपल्याला जातो. अक्काकडे."

मी खाली बसलो आणि सगळं सांगून टाकलं. "काका, ती पट्टी बांधू नका. तिने एकही जंतू मारला नाही. मी मारले."

काका पिशवीत शेवेचा पुडा कोंबत होते. "अरे, अक्काच्या पायाला डॉक्टरची पट्टी आहे. ही नेतोय दिवा लावून दाखवायला. बसून बसून कंटाळते ती." मग त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. "बिनपट्टीच्या वाटीतही नाही लागलं. दुसरी वाटी कशाला ठेवतो मी?"

"कढीला," मी म्हणालो.

"तुला सायन्समध्ये पास कुणी केलं रे?"

"म्हणजे पहिल्याच दिवशी कळलं होतं?"

"वाटी बघितल्याबरोबर."

"मग बोलला का नाहीत?"

काका पिशवीला गाठ मारू लागले. मी वही उघडली. अकराही दिवसांपुढे त्यांच्या बारीक अक्षरात एकच शेरा होता: विरजण आधीच मेलेलं, प्रयोग बाद. त्यापुढच्या रकान्यात होतं: भिया आला, सव्वा तास बसला. भिया आला, दीड तास.

मधल्या रविवारी आमच्याकडे पाहुणे होते, म्हणून मी दूध बायकोच्या हाती पाठवलं होतं. त्या दिवसापुढे लिहिलं होतं: दूध आलं. भिया नाही.